असं मूल याआधी पाहिलंय का?

मागच्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून एक तरुण दबक्या आवाजात बोलत होता, बहुधा घरातले झोपले असावेत. "सलाम सर, मी तुमचा वाचक. लेखाबद्दल नाही, वेगळंच काम आहे. मुलगा झालाय, नऊ दिवसांचा आहे. त्याचे हातपाय वळलेले आहेत, सरळच होत नाहीत. डॉक्टरांनी केसपेपरवर तीन शब्द लिहून दिलेत. तुमच्या भाचीला असंच काहीतरी आहे, असं तुम्ही एकदा लिहिलं होतं ना?"

त्याने एकेक अक्षर वाचून दाखवलं. पहिल्या शब्दाच्या मध्यावरच मला कळलं. आर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स कंजेनायटा. चौदा वर्षांपूर्वी हेच तीन शब्द माझ्या बहिणीच्या हातात पडले होते, तेव्हा तिला टाके पडून चार दिवस झाले होते आणि ते शब्द समजावून सांगणारं कुणी नव्हतं.

"एखादा चांगला डॉक्टर सांगा सर," तो म्हणाला. "पैशाचं बघू. कर्ज काढू."

आम्ही तासभर बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, त्याला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवायला हवं. या जागेवर आपण एरवी कायदा, शिक्षण, नोकऱ्या यांबद्दल बोलतो. या वेळचं संपादकीय एका दुर्मीळ जन्मजात आजाराबद्दल आहे, आणि खरं तर अशा आजारात डॉक्टर कसा शोधायचा याबद्दल आहे. मी डॉक्टर नाही. एका मुलीचा मामू आहे आणि तिच्या फायली उचलून चौदा वर्षं फिरलो आहे, एवढाच माझा अधिकार.

आपल्या घरांमध्ये 'चांगला डॉक्टर' म्हणजे कोण? ज्याच्या दवाखान्याबाहेर पहाटेपासून नंबर लागतात तो. ज्याची इमारत मोठी, फी मोठी, ज्याच्या हाताला यश आहे असं चार लोक सांगतात तो. गुडघा बदलायचा असेल, मोडलेलं हाड बसवायचं असेल, तर ही कसोटी बऱ्याचदा चालून जाते, कारण तसे रुग्ण त्याच्याकडे रोज येतात. पण हा आजार साधारण तीन हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा-वीस लाख बाळं जन्मतात. म्हणजे राज्यभरात मिळून अशी मुलं काहीशेच. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या नावाजलेल्या हाडांच्या डॉक्टरने सगळ्या कारकिर्दीत असं एखादं-दुसरं मूल पाहिलेलं असू शकतं. त्यात त्याचा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा तो हे सांगत नाही. आणि थोडा दोष आपलाही, कारण आपण विचारत नाही.

आम्ही विचारलं नव्हतं. माझी बहीण सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दिलेली. भाचीचे दोन्ही खांदे आत वळलेले, कोपर काठीसारखे ताठ, मनगटं आत दुमडलेली, गुडघे सरळ आणि दोन्ही पावलं आत वळलेली. गावातल्या लोकांनी हाडवैद्य सुचवला, कुणी दर्गा सुचवला, कुणी बाळाला रोज गरम तेलाने जोर लावून चोळायला सांगितलं. ते चोळणं आम्ही दोन दिवसांत बंद केलं, कारण पोर किंचाळायची. पुढे कळलं की ते बंद केलं हे बरंच झालं. अशा बाळांची हाडं नाजूक असतात, कधी कधी बाळंतपणातच मोडतात. जोराने ओढलं तर मांडीचं हाड मोडू शकतं.

मग आम्ही शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. ते आत्मविश्वासाने बोलले, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. पाच प्लास्टर झाली. पावलं मनासारखी येत नाहीत म्हणून सातव्या महिन्यात दोन्ही पावलांचं मोठं ऑपरेशन झालं. चौदाव्या महिन्यात पावलं परत आत वळायला लागली, आता वर व्रण आणि ताठरपणा वेगळा. त्या चौदा महिन्यांत तिच्या कोपरांना, मनगटांना, खांद्यांना कुणी हातही लावला नव्हता. सगळ्यांचं लक्ष पावलांवर. त्या डॉक्टरांनी असं मूल आधी पाहिलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. मी विचारायला पाहिजे होतं. घरात शिकलेला मीच होतो.

शेवटी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठली आणि परळच्या एका हॉस्पिटलात फक्त लहान मुलांची हाडं पाहणाऱ्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवला. पोरीला टेबलावर मोकळं सोडलं, तिच्यासमोर एक बिस्किट धरलं आणि पाच-सात मिनिटं नुसतं बघत बसले. मग बहिणीला विचारलं, "घरी कुणी बघत नसतं तेव्हा ही काय काय करते?" चौदा महिन्यांत हा प्रश्न तिला पहिल्यांदा कुणी विचारला होता. ती बोलायला लागली ती थांबेना. पोर हनुवटीने खुळखुळा ओढते, दोन्ही तळव्यांच्या मागच्या बाजूंमध्ये धरून पोळीचा तुकडा उचलते, घसरत घसरत दारापर्यंत जाते. डॉक्टर लिहून घेत होते.

अनुभव म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आता थोडं या आजाराविषयी. ग्रीक भाषेत सांध्याला आर्थ्रोन आणि वाकड्याला ग्रायपोस म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्याचा अर्थ एवढाच, की जन्मतःच शरीराच्या दोन किंवा जास्त भागांतले सांधे आखडलेले. हा एक आजार नाही. वेगवेगळ्या चारशेहून जास्त कारणांमागे दिसणारं ते एक लक्षण आहे. पोटातलं बाळ हलत राहिलं तरच त्याचे सांधे मोकळे घडतात. कुठल्याही कारणाने ते हलणं कमी झालं, मग कारण बाळाच्या स्नायूंत असो, मज्जातंतूंत असो, गर्भाशयातल्या जागेत असो किंवा आईच्या आजारपणात, तर सांध्याभोवती जास्तीचे चिवट तंतू साचतात आणि सांधा आहे त्या स्थितीत जखडतो. यातला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार अमायोप्लेझिया. साधारण एक तृतीयांश मुलांना हा असतो, माझ्या भाचीलाही हाच आहे. यात काही स्नायू नीट तयारच होत नाहीत, त्यांच्या जागी चरबी आणि तंतू असतात. हा प्रकार वयाबरोबर आतून वाढत जात नाही. आणि या मुलांची बुद्धी शाबूत असते. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण आमच्या भाचीला पहिली शाळा नाकारली गेली ती 'मंद असेल' या समजुतीने. आता ती नववीत आहे आणि माझ्या अग्रलेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढते.

आजार नवा नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रिबेरा या स्पॅनिश चित्रकाराचं 1642 सालचं एक चित्र आहे. वाकड्या पावलाचा एक गरीब पोरगा कुबडी खांद्यावर टाकून हसत उभा आहे. त्याचं आत दुमडलेलं मनगट पाहून काही डॉक्टरांनी अंदाज बांधला आहे की त्याला हाच आजार असावा. वैद्यकात याचं वर्णन 1841 मध्ये ओटो नावाच्या जर्मन डॉक्टरने केलं. पुढे कॅनडाच्या ज्युडिथ हॉल या आनुवंशिकतेच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी आयुष्यभर या मुलांचा अभ्यास करून प्रकार वेगवेगळे केले, आणि 'सगळी वाकडी मुलं सारखीच' हा समज मोडला. म्हणजे ज्ञान आहे. ते बाळाच्या गावापासून लांब आहे, एवढंच.

अनुभवाने नेमका काय फरक पडतो, हे पावलांपासून सांगतो. नुसतीच पावलं वळलेल्या बाळांवर पॉन्सेटी पद्धतीने उपचार होतात. दर आठवड्याला हलक्या हाताने थोडं वळवून प्लास्टर, पाच-सहा प्लास्टरनंतर टाचेमागच्या टेंडनला एक छोटा छेद, मग काही वर्षं खास बूट. आपल्या आजारातली पावलं त्याहून फार ताठ असतात. प्लास्टर जास्त लागतात, सुधारणा रडतखडत होते आणि पावलं परत वळण्याचं प्रमाणही बरंच असतं. ज्याने हे पाहिलेलं आहे तो दहाव्या प्लास्टरलाही घाबरत नाही. ज्याने पाहिलेलं नाही त्याला पाचव्यातच वाटतं की पद्धत फसली, आणि तो मोठ्या ऑपरेशनकडे वळतो. काही मुलांना ते लागतंही. पण लवकर आणि वारंवार चिरलेलं पाऊल व्रणांनी अधिक ताठ होतं. परळच्या डॉक्टरांनी आधीच्या डॉक्टरांविषयी एक शब्द वाईट काढला नाही. व्रणांवरून बोट फिरवून एवढंच म्हणाले, "आता पुन्हा प्लास्टरपासून सुरू करू."

हातांचं गणित याहून वेगळं. दोन्ही कोपर ताठ असतील तर हात तोंडापर्यंत जात नाही, मूल जन्मभर दुसऱ्याच्या हाताने जेवतं. दोन्ही कोपर वाकवून ठेवले तर कुबडी धरता येत नाही, खाली हात पुरत नाही, संडासला गेल्यावर स्वतःची स्वच्छता करता येत नाही. म्हणून अनुभवी सर्जन आधी विचारतो, कुठल्या हाताने काय करायचं? मनगटाचंही तसंच. वाकडं मनगट बघवत नाही म्हणून ते सरळ करायची घाई आपल्याला होते, आणि नेमकी त्याच वाकड्या मनगटाच्या आधाराने मूल चमचा धरत असतं. ते सरळ केलं की फोटो छान येतो, चमचा सुटतो.

भाची तीन वर्षांची झाली तेव्हा एका कोपराचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डावा खांदा आणि डाव्या हाताची बोटं जास्त चांगली आहेत, तर डावा कोपर वाकता करू, ती डाव्या हाताने जेवेल. माझ्या बहिणीचा चेहरा उतरला. आपल्या घरात डाव्या हाताने घास घेणाऱ्या पोराच्या हातावर चापट बसते, हे तुम्हाला सांगायला नको. सासरचे काय म्हणतील, मदरशातल्या उस्तानी काय म्हणतील, असं सगळं तिच्या डोक्यात आलं. आमची अम्मी बाजूला बसून ऐकत होती. तिला ऑपरेशन किती समजलं होतं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "अल्लाने जो हाथ चलता दिया उससेच खाएगी. मैं देखती कौन बोलता सो." विषय तिथे संपला. आता भाची डावा कोपर टेबलाच्या कडेला टेकवते, अंगाने पुढे रेटते आणि हात तोंडाशी आणते. कोपर स्वतःच्या ताकदीने वाकत नाही, त्यासाठी लागणारा स्नायूच नाही. पण सांधा वाकतो, आणि उरलेली युक्ती तिची ती शोधते. हे असं होऊ शकतं हे त्या डॉक्टरांना माहीत होतं, कारण त्यांनी आधीच्या मुलांना टेबलाच्या कडा वापरताना पाहिलं होतं.

भुलीची गोष्ट लोक विसरतात. काही मुलांचा जबडा नीट उघडत नाही, मान वळत नाही, त्यामुळे श्वासाची नळी घालणं अवघड जातं. सलाईनसाठी शीर सापडत नाही. आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई स्वतः वॉर्डात आल्या, पोरीचं तोंड किती उघडतं ते बोट घालून पाहिलं, आधीच्या ऑपरेशनचे कागद मागितले. ते आमच्याकडे नव्हते. पहिल्या हॉस्पिटलने दिले नव्हते आणि आम्ही मागितले नव्हते.

एक विषय टाळून पुढे जाता येणार नाही. पहिल्या काही तपासण्यांत केसपेपरवरचं नाव वाचल्याबरोबर प्रश्न यायचा, "नात्यात लग्न झालंय का?" बहीण 'नाही' म्हणायची. एकदा तर समोरून 'तुमच्यात असतंच ना' असंही ऐकावं लागलं. हा प्रश्न चुकीचा नाही, तो विचारलाच पाहिजे. या चारशे कारणांतली काही आई-बाप दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतात आणि जवळच्या नात्यातल्या लग्नात त्यांचा धोका वाढतो. पण तो प्रश्न नाव वाचून नव्हे, प्रत्येकाला विचारायचा असतो, आणि उत्तर मिळाल्यावर तपास थांबवायचा नसतो. अमायोप्लेझिया घराण्यातून येत नाही, नात्यात लग्न झालं असो वा नसो. उलट, जिथे मुख्यतः हातपायांचे पंजे आखडतात, त्या काही प्रकारांत आई किंवा बापाकडून एकच जनुक आलं तरी पुरतं. तिथे दर बाळाला निम्मी शक्यता असते. आई-बाप दोघांकडून यावं लागतं त्या प्रकारांत दर बाळाला पाव. हे वेगळं करून सांगणारा डॉक्टर म्हणजे जेनेटिक्सचा तज्ज्ञ. त्याच्याकडे जाण्याआधीच आपल्याकडे निकाल लागलेला असतो. ग्रहणात बाहेर पडली होती, काहीतरी वजन उचललं असेल, तिच्या माहेरातच दोष आहे. बहिणीच्या सासरी वर्षभर ही कुजबुज चालली, 'दुसरं मूल नको' पासून 'दुसरी बायको' पर्यंत. मुंबईत निदान पक्कं झालं, पुढच्या बाळाला होण्याची शक्यता इतर कुठल्याही बाईइतकीच असल्याचं डॉक्टरांनी मेहुण्यांना समोर बसवून सांगितलं, तेव्हा ती थांबली. चार वर्षांनी भाचा झाला, ठणठणीत. आणि ज्यांचं लग्न खरोखर नात्यात झालंय त्यांना माझं सांगणं, लपवू नका. टोमणा मारणारा एखादा भेटेल, पण योग्य तपासणी त्या माहितीशिवाय होत नाही.

आता शोधायचं कसं. नावं देऊन मी मोकळा होऊ शकतो, पण डॉक्टर बदलतात, निवृत्त होतात. शोधायची रीत हाताशी असलेली बरी. पहिली गोष्ट, साधा हाडांचा डॉक्टर आणि मुलांच्या हाडांचा डॉक्टर वेगळा. त्याला बालअस्थिरोगतज्ज्ञ म्हणतात. त्यांची देशपातळीवरची संघटना आहे, पेडियाट्रिक ऑर्थोपेडिक सोसायटी ऑफ इंडिया. हातासाठी हँड सर्जन वेगळा. दुसरी गोष्ट, दुर्मीळ आजाराचा अनुभव तिथे साठतो जिथे लांबलांबून गरीब मुलं येतात. म्हणजे मोठी शिकवणारी हॉस्पिटलं आणि मुलांची जुनी हॉस्पिटलं. परळचं वाडिया, केईएम, वेल्लोरचं सीएमसी, दिल्लीचं एम्स. पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे स्प्लिंट, कॅलिपर, थेरपी हे सगळं एका आवारात मिळतं. मोठ्या खासगी हॉस्पिटलची काचेची इमारत पाहून अनुभवाचा अंदाज येत नाही. ओपीडीच्या बाकावर येतो. तिथे तुमच्यासारखंच मूल मांडीवर घेतलेली एखादी आई बसलेली असेल, तर अर्धा शोध संपला. तिच्याशी बोला. आम्हाला वेल्लोरची पहिली खरी माहिती अशाच एका नगरच्या ताईंकडून मिळाली.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही. सर्जनबद्दल फिजिओथेरपिस्टला विचारा. ऑपरेशननंतर सगळ्या सर्जनची मुलं थेरपीच्या त्याच खोलीत येतात. कुणाची मुलं चालतात आणि कुणाची परत येतात, हे त्या खोलीला माहीत असतं. थेरपिस्ट कुणाचं वाईट बोलणार नाही, पण "तुमचं स्वतःचं मूल असतं तर कुणाकडे नेलं असतं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण देतात.

डॉक्टरसमोर गेल्यावर विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. आत गेलं की सगळं विसरायला होतं. असं मूल याआधी पाहिलंय का, किती? गेल्या काही वर्षांत कितींवर उपचार केले? त्यातल्या एखाद्या घराशी बोलता येईल का? आधी कुठला सांधा, मग कुठला, आणि का? काहीच केलं नाही तर काय होईल? ऑपरेशननंतर थेरपी कोण करणार आणि किती काळ? यातला 'काहीच केलं नाही तर' हा प्रश्न फार उपयोगाचा. दोन्ही खुबे निखळलेले असूनही काही मुलं बरी चालतात, आणि कधी कधी न कापणं हाच सल्ला योग्य असतो. आपल्याला वाटतं, असं विचारलं तर साहेब रागावतील, केस नीट बघणार नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. ज्यांना येत होतं ते या प्रश्नांवर खुर्ची पुढे ओढून बोलले. रागावले ते बहुधा ज्यांच्याकडे उत्तर नव्हतं ते. आणि "शंभर टक्के सरळ करून देतो, काळजीच करू नका" असं कुणी म्हणालं तर सलाम करून बाहेर या.

सोबत एक पान ठेवा. जन्माचं वजन, कितव्या महिन्यात काय झालं, कुठली प्लास्टर, कुठली ऑपरेशनं, तारखा. मूल हातपाय कसं वापरतं त्याचे छोटे व्हिडिओ. प्रत्येक हॉस्पिटलमधून डिस्चार्जचे कागद आणि एक्स-रेच्या प्रती मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

"पण सर, दर आठवड्याला मुंबई कशी जमणार?" त्या तरुणाने मध्येच विचारलं. हा खरा प्रश्न. प्लास्टर दर आठवड्याला, थेरपी रोज. चांगला डॉक्टर पाचशे किलोमीटरवर असला तर उपचार दोन महिन्यांत सुटतात, बापाची रोजी बुडते, आईला एकटीला फिरावं लागतं. आम्हाला यातून वाट दाखवली ती आमच्याच तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टने. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "मी असं मूल कधी पाहिलेलं नाही. पण मुंबईच्या मॅडमचा नंबर द्या, मी विचारून करतो." नंबर घेतला, विचारलं, शिकला. पुढची सहा वर्षं रोजचं काम त्याचं आणि दिशा मुंबईची. मुंबईला जाणं तीन-चार महिन्यांतून एकदा. पहिल्या त्या आत्मविश्वासू साहेबांनी हेच एक वाक्य बोललं असतं, तर चौदा महिने वाचले असते. अनुभव नसणं भरून काढता येतं, कबूल करणारा भेटला तर. म्हणून शोध दोन डॉक्टरांचा करा. एक लांबचा, ज्याने खूप पाहिलंय. एक जवळचा, जो फोन उचलून विचारायला लाजत नाही.

पैशाचं. कर्ज काढायच्या आधी सरकारी दार वाजवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जन्मजात व्यंग असलेल्या मुलांना शोधून जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. वळलेली पावलं आणि निखळलेला खुबा त्यांच्या यादीत आहेत. अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सांगितलं तरी सुरुवात होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र सांगतो, त्याला गाठा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढा. 'मुलीच्या नावावर शिक्का नको' म्हणून आम्ही ते सहा वर्षं लांबवलं, त्यात प्रवासाची सवलतही गेली आणि शाळेचा हक्कही भांडून घ्यावा लागला.

त्या रात्री बोलता बोलता शेवटी मी त्याला विचारलं, बाळाचं नाव काय ठेवलं? तो गप्प झाला. मग म्हणाला, अजून नाही. अकीका पुढे ढकललाय. लोक बघायला येतील, दुपटं काढतील, म्हणून अब्बा नको म्हणताहेत. भाची शेजारी अभ्यास करत बसली होती आणि माझा फोन स्पीकरवर होता. ती तिथूनच म्हणाली, "चाचू, नाव ठेवा ना आधी. डॉक्टर पण नावच विचारतात पहिल्यांदा."

गेल्या मंगळवारी त्याचा मेसेज आला. बाळाचं नाव ठेवलंय. मुंबईची तारीख मिळालीय, रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, त्याची बायकोही सोबत येतेय. खाली प्रश्नांच्या कागदाचा फोटो होता. माझे सांगितलेले सहा प्रश्न त्याच्या अक्षरात, आणि सगळ्यात वर, वेगळ्या पेनाने, दुसऱ्या अक्षरात एक सातवा: अंगावर पाजताना त्याचे हात कुठे ठेवू? ते मध्ये येतात आणि त्याला दुखतं.

चौदा वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी बहिणीला फोन करून विचारलं, तू काय करायचीस? ती म्हणाली, कुशीवर झोपवून पाजायचे, पाठीमागे उशी, वरचा हात माझ्या बगलेखाली. मी ते तसंच त्याला लिहून पाठवलं आणि सांगितलं, तरी तिथल्या थेरपिस्टला विचारा, प्रश्न खोडू नका.